दोन-दोन केबल लावूनही सर्व्हर बंद का पडतो?

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, इथेच इंदूरमध्ये, आणि डिस्चार्जच्या दिवशी आम्ही साडेदहाला बिलिंगच्या खिडकीसमोर बसलो ते पावणेदोनपर्यंत बसूनच होतो. खिडकीतल्या मुलीचं एकच वाक्य, "माताजी, सर्वर डाउन है, थोडा टाइम लगेगा." शेजारी एक काका सीटी स्कॅनचा रिपोर्ट न्यायला आलेले, त्यांच्या पुढे एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन, आणि रांग वाढत वाढत जिन्यापर्यंत गेलेली. कोणाचंच कागदपत्र हलेना.

मी गेली चौदा वर्षं सर्व्हर सांभाळायचंच काम करतेय, हे आत्याला माहीत आहे, म्हणून तिने एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत विचारलं, "अगं, तूच म्हणतेस ना की मोठ्या मशीनला दोन-दोन वायरी लावतात, एक गेली तर दुसरी असते म्हणून? मग हे बंद कसं पडतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या सर्व्हरला दोन केबल होत्या, दोन्ही जोडलेल्या होत्या, दोघींचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि दोघींचा ग्रुपसुद्धा बनवलेला होता (हे सगळं मी नंतर स्वतः बघितलं, ते पुढे सांगते). तरी तीन तास काम ठप्प. बँकेत, आरटीओत, शाळेच्या ॲडमिशनला आपण सगळेच हे वाक्य ऐकतो आणि गप्प बसतो, कारण आत काय बिघडलं ते कळायला मार्गच नसतो. त्यातला एक तुकडा, नेटवर्कचा, आज नीट उलगडून सांगते.

आधी घर, मग दारं

आमचं रामबागेतलं जुनं घर डोळ्यासमोर आणा. पुढचं दार गल्लीत उघडतं, मागचं दार बोळात. घर एकच, पाटी एकच, पत्ता एकच. पत्र येतं ते पत्त्यावर येतं, पण घरात शिरतं ते कुठल्यातरी दारातूनच.

सर्व्हर म्हणजे हे घर. त्याच्या मागच्या बाजूला जिथे केबल खोचतात ते कार्ड म्हणजे दार, त्याला इंटरफेस म्हणतात. घराचा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस, म्हणजे १९२.१६८.१०.२१ असे जे आकडे असतात ते. आणि प्रत्येक दारावर कारखान्यातच एक वेगळा नंबर कोरलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. केबल जिथे जाऊन मिळते तो डबा म्हणजे स्विच, तो आपल्या गल्लीच्या तोंडाचा चौक समजा, सगळ्या घरांच्या गल्ल्या तिथे येऊन मिळतात आणि तिथून पुढे मोठा रस्ता लागतो. एवढं सामान पुरे, आता यावरच चालू.

एका दाराचं घर असेल तर दार अडकलं की घरातला माणूस आतच राहिला. म्हणून दुसरं दार. पण दुसरं दार बांधलं म्हणजे लोक आपोआप तिकडून यायला लागतील का? दूधवाला रोज पुढून येतो, त्याला कोणीतरी सांगायला हवं ना. आणि त्याच्याही आधी घरातल्या कोणालातरी कळायला हवं की पुढचं दार अडकलंय. या दोन गोष्टी, कळणं आणि सांगणं, यालाच फेलओव्हर म्हणतात. केबल हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

ग्रुप म्हणजे नक्की काय

युनिक्स म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या सिस्टीमचं एक जुनं घराणं, सोलारिस, लिनक्स ही त्यातलीच नावं. अशा सर्व्हरवर दोन किंवा जास्त इंटरफेस एका नावाखाली बांधायचे आणि सिस्टीमला सांगायचं की ही सगळी एकाच घराची दारं आहेत, एक बंद पडलं तर त्याचा पत्ता दुसऱ्याने सांभाळायचा. हा झाला फेलओव्हर ग्रुप.

सन कंपनीच्या सोलारिसमध्ये ही सोय २००० सालाच्या सुमारास, सोलारिस ८ च्या वेळी आली, तिला आयपीएमपी म्हणतात, आणि पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली तरी ती तशीच पुढे चालू राहिली. लिनक्समध्ये त्याच कामाला बॉण्डिंग म्हणतात, फ्रीबीएसडीत लॅग, आयबीएमच्या एआयएक्समध्ये ईथरचॅनल. नावं वेगळी, बारकावे वेगळे, पण विचार एकच असल्यामुळे एकदा एक समजलं की बाकीचे जड जात नाहीत.

सोलारिसच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे सोलारिस १० पर्यंत, पत्ता एका कार्डावर ठेवलेला असायचा आणि कार्ड गेलं की तो उचलून दुसऱ्यावर न्यायचे. २०११ मध्ये सोलारिस ११ आलं तिथपासून ग्रुपचंच एक वेगळं इंटरफेस बनतं, पत्ता त्या ग्रुपवर असतो आणि कार्डं त्याच्या खाली. मला ही दुसरी पद्धत मनापासून आवडते, कारण ती खऱ्या घरासारखी आहे, पाटी दाराला न ठोकता घराला ठोकलेली. दार बदललं तरी पाटी हलत नाही.

"भैया, पीछे से आओ"

आता सांगण्याचा भाग. समजा पुढचं दार अडकलं आणि आजी मागच्या दारात येऊन उभी राहिली. पण दूधवाल्याच्या डोक्यात अजून पुढचंच दार आहे, तो पुढे येऊन कडी वाजवत बसणार आणि कोणी उघडत नाही म्हणून निघून जाणार. म्हणून आजी काय करायची, तर बोळातून मोठ्याने हाक मारायची, "भैया, पीछे से आओ!" आणि ती हाक फक्त दूधवाल्याला नाही, अख्ख्या गल्लीला ऐकू जायची, भाजीवाल्यालाही, पोस्टमनलाही.

नेटवर्कमध्ये अगदी असंच होतं. एआरपी नावाची एक पद्धत आहे, १९८२ पासून चालत आलेली, तिच्यात प्रत्येक मशीन आपल्याजवळ एक छोटी वही ठेवतं की अमुक पत्ता म्हणजे तमुक दाराचा नंबर. पत्ता दुसऱ्या कार्डावर गेला की सर्व्हर कोणी विचारलेलं नसतानाही सगळ्यांना ओरडून सांगतो की आता माझा पत्ता या दारावर आहे, वही सुधारून घ्या. ही न विचारता मारलेली हाक नीट गेली नाही तर गंमत बघा, सर्व्हर म्हणतो मी चालू आहे, केबल ठीक आहे, पण लोक अजून जुन्या दारावरच कडी वाजवताहेत. काही मोठ्या राऊटरमध्ये (राऊटर म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट दाखवणारा डबा) ही वहीतली नोंद चार-चार तास तशीच राहते, त्यामुळे असा घोळ झाला की काही लोकांचं चालतं आणि काहींचं नाही, आणि शोधणाऱ्याचं डोकं फिरतं.

लिनक्सच्या नेहमीच्या बॉण्डिंगमध्ये थोडं वेगळं आहे, तिथे दोन्ही दारांना एकच नंबर लावून टाकतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या वहीत काही बदलावं लागत नाही. पण चौकातल्या स्विचला मात्र कळवावंच लागतं की हा नंबर आता वेगळ्या गल्लीत सापडेल, म्हणून हाक तिथेही मारतातच.

दार उघडं, गल्ली खोदलेली

आता त्या दिवशीचं सांगते. बाराच्या सुमारास एक मुलगा लॅपटॉप काखेत घेऊन पळत जिना उतरताना दिसला, आणि तो मला ओळखीचा निघाला, पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे ट्रेनी होता. त्यालाच मी थांबवलं. "दीदी, सब हरा है, फिर भी नहीं चल रहा," एवढंच बोलला, आवाज रडवेला. त्याने तोवर डेटाबेस तपासला होता, बिलिंगचं सॉफ्टवेअर दोनदा रीस्टार्ट केलं होतं, एकदा पूर्ण सर्व्हरही बंद करून चालू केला होता. आत्याला काकांच्या भरवशावर सोडून मी त्याच्याबरोबर गेले.

सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली, एसीचा आवाज, आणि रॅकच्या मागे दोन निळ्या केबल. एक वरच्या स्विचला, एक खालच्या. दोन्हीकडे हिरवा दिवा. लिनक्सचा सर्व्हर होता, बॉण्डची माहिती उघडली तर दोन्ही कार्डांसमोर "अप" लिहिलेलं, पहिलं काम करतंय, दुसरं राखीव. मी म्हटलं, याच सर्व्हरवरून गेटवेला पिंग कर, म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या राऊटरला एक हाक मारून बघ की उत्तर येतं का. नाही आलं. शेजारच्या दुसऱ्या मशीनवरून केलं तर लगेच आलं.

तेव्हा मी त्याला सांगितलं, "पहिली केबल काढ." तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण चालू दिसणारी केबल काढायला सांगणं म्हणजे वेड्यासारखंच वाटतं. मी परत सांगितलं, त्याने क्लिप दाबून ती ओढली, हिरवा दिवा विझला, आणि बघता बघता पिंगची उत्तरं यायला लागली. खाली काउंटरवरचा प्रिंटर सुरू झाल्याचं आम्हाला फोनवर कळलं.

झालं होतं काय, तर वरचा स्विच ज्या केबलने मुख्य स्विचला जोडलेला होता ती केबल फॉल्स सीलिंगमध्ये एसीचं काम करणाऱ्याच्या हाताने निघाली होती. म्हणजे घराचं पुढचं दार सताड उघडं, गल्लीही दिसतेय, पण गल्ली पुढे मुख्य चौकाच्या आधीच खोदून ठेवलेली. सर्व्हर फक्त दाराकडे बघत होता. दार उघडं आहे ना? आहे. मग मागच्या दाराने जायची गरजच काय? म्हणून राखीव केबल धडधाकट असून तीन तास नुसती बसून राहिली, आणि आम्ही पहिली केबल ओढून दार बंद केल्यावरच त्याने मागचं दार उघडलं. (नंतर पहिली केबल परत लावली नाही, आधी सीलिंगमधली लावली.)

या पाहणीला लिंकवरची तपासणी म्हणतात, म्हणजे केबलमध्ये समोरून सिग्नल येतोय की नाही एवढंच बघणं. लिनक्समध्ये ही बहुतेक दर १०० मिलिसेकंदांनी होते, म्हणजे सेकंदात दहा वेळा. झटपट आहे, फुकट आहे, फारसं काही सेट करावं लागत नाही. पण ती फक्त पहिल्या स्विचपर्यंतचं सांगते, त्याच्या पुढचं काहीच नाही. आणि हिरवा दिवाही तेवढंच सांगतो. माझा सगळा जीव या एका गोष्टीत आहे, कारण मी बघितलेल्या दहा सेटअपपैकी बहुतेकांत ग्रुप बनवलेला असतो, केबल दोन असतात आणि तपासणी मात्र दारापर्यंतचीच असते, आणि लोक निर्धास्त.

नाक्यापर्यंत पोराला पाठवणं

गल्ली खोदलीय की नाही हे दारात उभं राहून कळत नसेल तर काय करायचं? पोराला नाक्यापर्यंत पाठवायचं. जा, मुख्य चौकातल्या पानवाल्याला हात लावून ये. परत आला म्हणजे रस्ता चालू. हीच दुसरी तपासणी, प्रोबची. प्रत्येक कार्डावरून थोड्या थोड्या वेळाने बाहेरच्या एखाद्या ठरलेल्या मशीनला पिंग करायचं आणि उत्तराची वाट बघायची.

सोलारिसमध्ये हे काम इन डॉट एमपाथडी नावाचा एक प्रोग्रॅम मागे बसून करतो. सलग पाच वेळा उत्तर आलं नाही तर तो त्या कार्डाला नापास करतो. ठरवून दिलेला वेळ आपण काही बदललं नाही तर १० सेकंद असतो, म्हणजे पोरगं साधारण दोन-दोन सेकंदांनी पळतं असं धरा. आणि परत पास व्हायला मात्र सलग दहा उत्तरं लागतात, म्हणजे दुप्पट वेळ, २० सेकंद. हा दुजाभाव मुद्दाम ठेवलेला आहे, कारण सैल केबल असते ना ती मिनिटात चालू मिनिटात बंद अशी करते, आणि दर वेळी पत्ता इकडून तिकडे नाचवत बसलो तर बंद परवडलं पण हे नको अशी अवस्था होते.

यासाठी प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक वेगळा पत्ता द्यावा लागतो, टेस्ट ॲड्रेस. तो ग्रुपचा पत्ता नाही, तो लोकांसाठी नाहीच, तो फक्त त्या दारातून जाणाऱ्या पोराचं नाव आहे, आणि फेलओव्हर झाला तरी तो दुसऱ्या दारावर जात नाही. नाहीतर पुढच्या दाराची चौकशी मागच्या दारातून व्हायची. म्हणजे दोन कार्डांच्या ग्रुपला लोकांसाठी एक आणि चाचणीसाठी दोन असे तीन पत्ते लागतात, नेटवर्कवाल्याकडे आधीच मागून ठेवा.

लिनक्समध्ये पिंगऐवजी एआरपीचीच विचारणा वापरतात, कुठल्या पत्त्यांना विचारायचं त्याची यादी आपण द्यायची, सोळापर्यंत देता येतात. फक्त तिथे लिंकची तपासणी आणि ही, दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. त्या हॉस्पिटलला मी हीच सुचवली.

पानवाल्याचंच दुकान बंद असेल तर?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो आणि यायलाच हवा. पोरगं परत आलं नाही याचे दोन अर्थ होतात, एक तर रस्ता बंद आहे, नाहीतर पानवाला आज आलाच नाही. एकाच राऊटरला पिंग करायचं ठरवलं आणि एक दिवस कोणीतरी फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, पिंगला उत्तर देणं बंद केलं, तर दोन्ही दारांची पोरं रिकाम्या हाताने येणार आणि सर्व्हर म्हणणार की माझी दोन्ही दारं गेली, जेव्हा की दोन्ही ठणठणीत आहेत.

तपासणीनेच नुकसान झाल्याचं एक मोठं उदाहरण तुम्ही स्वतः अनुभवलंय. ४ ऑक्टोबर २०२१, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळंच साधारण सहा तास गेलं. सुरुवात झाली ती देखभालीच्या वेळच्या एका चुकीच्या कमांडने, तिने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं आतलं नेटवर्क तुटलं. पण त्यांचे नाव-पत्ते सांगणारे जे सर्व्हर होते त्यांना शिकवलेलं होतं की तुमचा डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर तुम्ही स्वतःला बिघडलेलं समजा आणि जगाला आपला रस्ता सांगणं बंद करा. एक-दोन सर्व्हरचा संपर्क तुटला असता तर हा नियम उत्तम होता. तुटला सगळ्यांचा, आणि सगळ्यांनी एकदमच पाट्या काढून ठेवल्या.

सोलारिसवाल्यांनी हे ओळखून ठेवलंय. सगळीच कार्डं एकदम नापास झाली तर तो पत्ता इकडून तिकडे हलवत बसत नाही, उलट जुनी लक्ष्यं, म्हणजे ज्यांना पिंग करायचं ती मशीन, टाकून नवीन शोधायला लागतो. पण त्याच्या भरवशावर राहू नका. लक्ष्यं दोन-तीन तरी द्या, एक राऊटर आणि त्याच नेटवर्कमधली एक-दोन कायम चालू असणारी मशीन, आणि ती वेगवेगळ्या स्विचवरची असली तर सोन्याहून पिवळं.

मग दहा सेकंद तरी कशाला, एकच ठेवा की

ठेवता येतो, कमी करता येतो. पण नेटवर्कवर जरा गर्दी झाली, रात्रीचं बॅकअप सुरू झालं, आणि पिंगचं उत्तर अर्धा सेकंद उशिरा आलं की सर्व्हर घाबरून पत्ता हलवणार. काउंटरवर बसलेल्या माणसाला १० सेकंदांचा खोळंबा जाणवतो न जाणवतो, उगाच दर तासाला तुटणारं कनेक्शन मात्र नक्की जाणवतं. मी स्वतः १० ला हात लावत नाही, जोवर सॉफ्टवेअर बनवणारा स्वतःहून सांगत नाही.

याच्याशी लागून एक गोष्ट जी फार लोकांना छळते. केबल बदलली, सर्व्हरने झटक्यात फेलओव्हर केला, तरी अर्धा मिनिट काहीच चालत नाही. हा दोष सर्व्हरचा नसतो. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, नव्याने जागा झाला की तो आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो आणि मगच वाहतूक सोडतो, कारण त्याला भीती असते की कोणी चुकून गोल रस्ता तर जोडला नाही ना. सर्व्हरच्या पोर्टवर ही वाट बघायची गरज नाही असं स्विचला सांगता येतं, सांगून टाका. दोन्ही पोर्टवर.

प्रत्यक्ष सेट करताना

सोलारिस ११ वर काम चार-पाच ओळींचं आहे. आयपीएडीएम या कमांडने आधी दोन्ही कार्डांवर इंटरफेस तयार करायचं, मग दोघांना घेऊन आयपीएमपी ग्रुप बनवायचा, मग ग्रुपला लोकांसाठीचा पत्ता द्यायचा, आणि मग एकेका कार्डाला टेस्ट ॲड्रेस. हे शेवटचं पाऊल लोक सोडतात कारण त्याच्याशिवायही सगळं चालू झालेलं दिसतं. एक कार्ड फक्त राखीव ठेवायचं असेल तर त्याच्यावर स्टँडबाय चालू करायचं, नाहीतर दोन्ही कार्डं बाहेर जाणारी वाहतूक वाटून घेतात.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी बघा. ग्रुपमधली सगळी दारं एकाच मोहल्ल्यात उघडायला हवीत, म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये. एक केबल बिलिंगच्या नेटवर्कला आणि दुसरी कॅमेऱ्यांच्या नेटवर्कला लावून ग्रुप केला तर फेलओव्हर होईल पण पत्ता अनोळखी वस्तीत जाऊन बसेल, तिथे त्याला कोण ओळखणार. दुसरं, सनच्या जुन्या स्पार्क मशीनवर सगळ्या कार्डांना एकच मॅक नंबर देण्याची सवय असायची, ती तिथल्या सेटिंगमध्ये बदलून प्रत्येक कार्डाला आपापला नंबर वापरू द्यावा लागतो. अजून अशी मशीन चालू आहेत, मी बघितली आहेत.

झाल्यावर आयपीएमपीस्टॅट ही कमांड चालवा. ती ग्रुपची तब्येत सांगते, प्रत्येक कार्डाची लिंक वेगळी आणि प्रोब वेगळा दाखवते. प्रोबच्या रकान्यात "डिसेबल्ड" दिसलं तर समजा की तुमचा सर्व्हर दारातच उभा आहे, नाक्यापर्यंत कोणी जात नाहीये.

दोन केबल म्हणजे स्पीड डबल ना?

नाही, निदान तुम्हाला वाटतं तसं नाही. राखीव पद्धतीत दुसरी केबल नुसती थांबलेली असते. स्विचशी बोलून दोन्ही केबल एकदम वापरायची पद्धत आहे, एलएसीपी, तिचं स्टँडर्ड २००० साली आलं, पण त्यातही एक संवाद एकाच केबलवरून जातो. शंभर लोक काम करत असतील तर ते दोन दारांत वाटले जातील, एकट्याची मोठी फाइल मात्र एकाच दारातून तेवढ्याच वेगाने जाईल. शिवाय त्याला स्विचवर सेटिंग लागतं, आणि दोन केबल दोन वेगळ्या स्विचला न्यायच्या असतील तर ते दोन स्विच आपसात एक होऊन वागणारे, महागडे लागतात. छोट्या ऑफिसला माझा सल्ला साधाच, राखीव पद्धत आणि दोन स्वस्त स्विच.

दोन्ही नळ नर्मदेचेच

इंदूरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. घरात दोन नळ घेतले, एक अंगणात एक मोरीत, पण दोन्ही नर्मदेच्याच लाईनवर असतील तर तिकडे जलूदला पंप बंद पडला की दोन्ही एकदम कोरडे. म्हणून ज्याला जमतं तो बोरिंग ठेवतो. दोन केबल एकाच स्विचला लावणं म्हणजे हेच दोन नळ. केबल तुटली किंवा कार्ड जळलं तर वाचाल, स्विच गेला तर नाही. दोन स्विच आणले पण दोघांचे प्लग एकाच यूपीएसमध्ये, तरी तेच. दोन पोर्टवालं एकच कार्ड घेतलं आणि ते कार्डच गेलं, तरी तेच. दर वेळी बोट ठेवून केबलचा माग काढत जायचं, कार्डापासून स्विच, स्विचपासून मुख्य स्विच, तिथून वीज, आणि जिथे दोन रस्ते एकत्र होतात तिथे लाल खूण करायची. एक तरी खूण राहतेच, पैशाचा प्रश्न असतो, पण ती कुठे आहे हे माहीत असलेलं बरं.

आणि दोन केबल कशापासून वाचवत नाहीत तेही सांगून ठेवते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभर विंडोजची मशीनं निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले, तिथे दहा केबल असत्या तरी फरक पडला नसता. घरातला माणूसच आजारी असेल तर दारं किती आहेत याने काय होणार.

आता सगळं क्लाऊडमध्ये आहे ना?

क्लाऊडही कोणाच्यातरी खोलीतले सर्व्हरच आहेत आणि त्यांनाही केबलच लागते, फक्त ती तुमच्याऐवजी दुसरं कोणी बघतं. आणि हॉस्पिटल, पतसंस्था, कारखाना, इथे अजून सर्व्हर जिन्याखालीच असतो. तिथे बघायचं आपल्यालाच.

केबल ओढून बघा, दिवसाढवळ्या

सेट केलेला ग्रुप चालतो की नाही हे कमांडने कळत नाही, ओढूनच कळतं. रविवारी सकाळी, काम कमी असताना, सगळ्यांना आधी सांगून. दुसऱ्या एखाद्या मशीनवरून सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवा, पहिली केबल ओढा, घड्याळ बघा, किती उत्तरं चुकली ती मोजा. सोलारिसवर केबलला हात न लावता कार्ड बाजूला काढायची कमांडही आहे, इफ-एमपीएडीएम, ती देखभालीला फार छान आहे पण तिला परीक्षा समजू नका, तिथे सर्व्हरला आधीच माहीत असतं की दार आपण मुद्दाम लावतोय.

मग खरी परीक्षा, जी जवळपास कोणी घेत नाही. सर्व्हरची केबल तशीच ठेवा आणि स्विचची पुढची केबल ओढा, म्हणजे दार उघडं आणि गल्ली खोदलेली. दिवा हिरवाच राहायला हवा आणि तरीही दहा-एक सेकंदांत काम दुसऱ्या केबलवर जायला हवं. नाही गेलं तर प्रोब लागलेला नाही, बाकी काहीही दिसत असलं तरी.

त्या मुलाने पंधरा दिवसांनी फोन केला, ही परीक्षा केली म्हणाला, अकरा पिंग चुकले आणि चालू झालं. मी विचारलं, परत लावल्यावर किती वेळ थांबलास? तो म्हणाला लगेच दुसरी ओढली, आणि सगळंच गेलं. साहजिक आहे, केबल परत लावली तरी चौकातला स्विच आधी आपली तीस सेकंद घेतो, मग कुठे पोरगं नाक्यावर पोचतं, आणि तोवर घराला एकच दार असतं. तर, परत लावल्यावर पूर्ण मिनिटभर थांबायचं, दोन्ही कार्डं चालू दिसताहेत याची खात्री करायची, आणि मगच दुसऱ्या केबलला हात लावायचा.